सरासरी रुग्णास हजर करणेबाबत

खिडकी क्रमांक तीन कायमची बंद झाली आणि औषधांच्या रांगेत थांबायचा सरासरी वेळ एकोणीस मिनिटांवरून बारावर आला. असं काही झालेलंच नाही. तसं सांगणारा अहवाल मात्र तयार आहे, त्यावर फक्त माझी सही नाही.

दवाखान्यातल्या रांगांचं गणित मांडणं ही माझी नोकरी. आठवडाभर मी स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. एक आणि दोन नंबरच्या खिडक्या माणशी तीन मिनिटं घेतात, तीन नंबरची अकरा. तिथे माझी सख्खी आत्या बसते. ज्यांना वाचता येत नाही ते तिच्याकडेच जातात. ती प्रत्येक पाकिटावर पेनाने सूर्य किंवा चंद्र काढते आणि कुठली गोळी कधी, ते समोरच्याकडून वदवून घेते. चंद्र तिला जमत नाही, त्याचं केळं होतं.

हे आकडे मी संगणकातल्या रांगांच्या मॉडेलला दिले. मॉडेलने शांतपणे सुचवलं, आत्या काढा.

"तुझ्या बापाला सांगते," आत्या म्हणाली.

"बाबांना मॉडेल कळत नाही."

"मला तरी कुठे कळतंय? मला काढलंस, तेवढं बरोब्बर कळलं."

सोमवारी चाचणी झाली. आत्या घरी, खिडक्या दोनच. संध्याकाळी साहेब नाचायचेच बाकी होते. "तीनशे टोकनं! विक्रम आहे!"

होताच. निळ्या टोपीचे एक आजोबा पाच वेळा येऊन गेले. एकदा औषध घ्यायला, चारदा ते कधी घ्यायचं हे विचारायला. दर वेळी नवं टोकन, मॉडेलच्या लेखी पाच समाधानी रुग्ण. शेवटी त्यांनी मलाच गाठलं. "बाळा, ह्यावर केळं कुठाय?"

मी टोकनं केसपेपरच्या नंबरांशी लावून पाहिली. माणसं निघाली एकशे वीस. माणशी अडीच फेऱ्या, म्हणजे बारा नव्हे, तीस मिनिटं.

"अपवाद समज आणि सही कर," साहेब म्हणाले. "तुझी आत्या म्हणून बोलतोयस."

"हो. पण गणिताची ती कुणी लागत नाही, आणि तेही हेच म्हणतंय."

"तुझीच खिडकी बंद करीन!"

"मला खिडकी नाही साहेब. मी जिन्याखाली बसतो."

नियमाप्रमाणे माझ्या सहीशिवाय खिडकी बंद होत नाही. त्यामुळे आज आत्या जागेवर बसून केळी काढतेय आणि माझा अर्ज वर गेलाय:

"अहवालातील सरासरी रुग्ण, जो एकदाच येतो व बारा मिनिटांत सारे समजून घरी जातो, तो भेटताच सही करण्यात येईल. तरी तोवर खिडकी क्रमांक तीन चालू ठेवून, सदर रुग्णास दोन ओळखपत्रांसह जिन्याखाली समक्ष हजर करण्यात यावे, ही विनंती."