कोंबडीची तिसरी टक

मिस्त्रींचा स्वतःच्या कानांवर भारी भरवसा. शिलाई मशीन दुकानात आलं, दोन टाके पडले, की खोलायच्या आधीच निदान तयार: "बॉबिनपाशी कचरा अडकलाय." चाळीस वर्षं हाच तोरा. पण अलीकडे तोरा तेवढा उरला होता, कान नव्हते. मागच्या आठवड्यात त्यांनी ठणठणीत म्हणून परत दिलेलं मशीन दुसऱ्याच दिवशी खडखडत परत आलं. ते ज्या शिवणकामाच्या वर्कशॉपचं, तिथल्या मालकीणबाईंनी मग आडपडदा न ठेवता सांगितलं, "येत्या शनिवारी शेवटचं एकदा बघू. नाहीतर माझी बाराच्या बारा मशीनं दुसरीकडे जातील." ती गेली असती तर मिस्त्रींना दुकानात बसून माश्याच मारायच्या होत्या.

मुलाने हौसेने आणलेलं कानाचं यंत्र तीन महिने दुकानातल्या टेबलाच्या खणात लोळत होतं. "रिपेरवाल्याच्याच कानात यंत्र? गिऱ्हाईक दात काढेल!" एवढं बोलून ते पुन्हा खण बंद करायचे. बायकोने सांगून पाहिलं, मुलाने विनवून पाहिलं. शेवटी बायकोने ठेवणीतलं हत्यार काढलं, म्हणजे नणंदेला फोन लावला.

ताई शुक्रवारी आली ती थेट दुकानात. वय पंच्याहत्तर, पण भावाला धारेवर धरायचं म्हटलं की अंगात वारं शिरायचं. तिने पिशवीतून पत्र्याची कोंबडी काढली. लहानपणीची, चावीवर चालणारी, पंखावरचा रंग उडालेली.

"अगं, ही अजून आहे?" मिस्त्री उडालेच.

ताईने चावी दिली आणि कोंबडी टेबलावर ठेवली. कोंबडी वाकून वाकून पायाशी जोडलेल्या पत्र्याच्या थाळीतले रंगवलेले दाणे टिपायला लागली. मिस्त्रींनी डोळे मिटले. दुपारची शाळा, आईचा ओरडा, पलंगाखाली लपून बसलेली दोघं, सगळं धावत आलं.

"ऐकू येतंय?" ताईने तोंड जवळ नेऊन विचारलं.

"म्हणजे काय! टक, टक, टक. आणि ऐक, तिसरी टक अजून लंगडी आहे. आतल्या चाकाचा एक दात झिजलाय. तेव्हाच बोललो होतो मी. मला म्हणे ऐकू येत नाही!"

ताई हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली, डोळे पुसले आणि कोंबडी उलटी करून त्यांच्या नाकासमोर धरली. चोचीच्या टोकाला खालून रबराचा तुकडा चिकटवलेला होता.

"काल चिकटवलाय, शहाण्या. चोचीची टक आता वाजतच नाही. मोठा आला तिसरी टक ऐकणारा!"

मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांनी रबर दोनदा दाबून पाहिलं. टक तर त्यांनी ऐकली होती, अगदी लंगडीसुद्धा. मग मशीनंही अशीच ऐकत होतो की काय आपण? त्यांनी खण उघडला आणि यंत्र कानात बसवलं.

"अरे देवा! पंखा केवढा कुरकुरतोय!"

"दोन वर्षं कुरकुरतोय," ताई म्हणाली. "वहिनी कंटाळली सांगून."

मिस्त्रींनी झटकन मान वळवली. हा आवाज कोणाचा? बारीक, कापरा, शब्दाच्या शेवटी दम लागणारा. ताईचा आवाज तर खणखणीत होता, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. कालपरवापर्यंत त्यांनी तोच ऐकला होता.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुझा आवाज किती म्हातारा झाला गं."

"आवाजच कशाला, अख्खी मीच झाले. तुलाच पत्ता नव्हता." मग त्यांचे भरलेले डोळे पाहून ती जरा नरमली. "त्रास होतोय का? काढून ठेव थोडा वेळ."

"नको." मिस्त्रींनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "उद्या मालकीणबाईंना हसू दे, पोटभर. तू बोल. काहीही बोल."

"काय बोलू?"

"मला शिव्या घाल," मिस्त्री म्हणाले, "पण बोलत राहा."