अर्ध्या तासाची नळी

"झोपेतून उठलं की अर्ध्या तासात शरीरात ताणाचं रसायन चढतं," डॉक्टरबाई सुटका ठरवणाऱ्या समितीला सांगत होत्या. "यांची लाळ पाच दिवस तपासली, एकदाही ते जागचं हललेलं नाही. अशी थंड माणसं पुन्हा हात उगारू शकतात. आत्ता घरी नको, सहा महिन्यांनी बघू."

आजाराच्या भरात शेजाऱ्याचं डोकं फोडलेला सुतार सात वर्षं या मनोरुग्णालयात होता. आता तो बरा होता. 'बरं' म्हणून तो उठला. दाराशी फायली घेऊन उभ्या असलेल्या मामांना मात्र घाम फुटला.

मामा म्हणजे वॉर्डातले लाळेचे नमुने घेणारे कर्मचारी. एक नळी रुग्ण उठल्याबरोबर भरायची, दुसरी अर्ध्या तासाने. मधल्या वेळात खालचा वॉर्ड उरकायचा, म्हणजे पुन्हा तीन जिने. गुडघे गेल्यापासून, दोन वर्षं, मामा दोन्ही नळ्या एकदमच भरून घेत आणि वेळ तेवढी अर्ध्या तासाच्या फरकाने लिहीत. थुंकीला काय घड्याळ कळतं, असं ते स्वतःशी म्हणत.

बाहेर बाकावर सुताराची बहीण बसली होती. तिने पिशवीतून नव्या चपला काढून मामांच्या हातात दिल्या.

"आत ठेवता येतील का, मामा? सहा महिन्यांत पाय काही वाढायचा नाही त्याचा."

मामांना तिच्याकडे बघवेना.

सुताराला वर नेताना दुसऱ्या जिन्यावर ते थांबले. "त्या नळ्या... तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. नियम भिंतीवर लिहिलाय की."

"मग आत बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्ही कठडा धरून चढता, रोज बघतो मी. नोकरी गेली असती तुमची." त्याने हात पुढे केला. "धरा."

मामांनी तो हात धरला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला वॉर्डात पोचवून ते तसेच खाली आले, चपला काखेत धरून.

"बाई, ते आकडे त्याचे नाहीत. माझे आहेत," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"दोन वर्षं म्हणालात. आणखी किती जणांचे?"

मामांचे गुडघे ठणकत होते. ते बसले नाहीत. उभ्यानेच एकेकाचं नाव सांगू लागले.