लाल उजेडातली खूण

मित्रांनो, जरा मान वर करा. मी एका सभागृहाचे जुने छत आहे. काँक्रीटचे, उघडे, ना चुना, ना रंग.

राखाडी.

लाकडी फळ्यांवर सळयांची जाळी बांधून काँक्रीट ओतले, तेव्हा माझा जन्म झाला. फळ्या काढल्या, पण लाकडाच्या रेषा माझ्या पोटावर तशाच राहिल्या. मुकादम म्हणाला, "गिलाव्याने झाकून टाकू." आर्किटेक्ट म्हणाला, "झाकायचं कशाला? लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात?" त्याने माझ्यात लांब फटी ठेवल्या होत्या. त्यांतून ऊन उतरे आणि दिवसभर भिंतींवरून सरकत जाई. सभागृहात शिरलेली माणसे बोलता बोलता गप्प होत.

पुढे फटींतून पाणी झिरपू लागले. आतल्या सळया गंजल्या, फुगल्या. मला भेग पडली.

इथली देखभाल करणाऱ्याला सगळे दादा म्हणतात. त्याने भेगेच्या टोकाशी लाल खडूने खूण केली आणि भेगेलाच दटावले, "हिच्यापुढे गेलीस तर सभागृहाला कुलूप!" दर पावसाळ्यानंतर तो बघे. भेग ऐकत होती.

लाल.

दादाची धाकटी बहीण रंगीत उजेडाच्या कलाकृती करते. तिने फटींवर काळे कापड ताणले, माझ्या पोटाला जड दिवे टांगले आणि माझी एकेक रेषा उजळली. खोटे कशाला बोलू, मी हरखले. जन्मभर राखाडी होते मी!

पण दिव्यांचे वजन सळयांना सोसले नाही. भेग खुणेच्या पुढे सरकली. वीतभर.

उद्घाटनाच्या सकाळी दादा शिडी घेऊन आला.

"पांढरा दिवा लाव गं जरा."

"नको रे! आत्ता कुठे लाल जुळलाय. पांढरा बघितला की माझे डोळे पुन्हा पहिल्यापासून लालला सरावायला हवेत."

"मग मला दिसणार कसं?"

"घुबडासारखा जन्म काढलायस इथे. तुला कसला उजेड लागतो?"

दादा हसत चढला. भेग काळीशार दिसत होती, अगदी टोकापर्यंत. खूण मात्र दिसेना. लाल उजेडात लाल खडू हरवतो, मित्रांनो.

"खूण गेली वाटतं."

"पाण्याने पुसली असेल."

"असेल." कानामागची पेन्सिल काढून त्याने भेगेच्या आताच्या टोकाशी नवी रेघ मारली. रेघ मारताना त्याचे कोपर जुन्या खुणेवर घासत होते. मी ओरडले असते. छताला तोंड कुठे असते?

दुपारी माणसे आली, चटयांवर आडवी झाली. "काय सुंदर काळी रेघ काढलीय!" एक बाई म्हणाली. मुलांनी ती रेघ हवेत बोटाने गिरवली. मधोमध एक खुर्ची होती, बरोबर भेगेखाली. बहिणीने ती आईसाठी ठेवली होती.

पांढरा.

आईला आणायला दादा बाहेर उन्हात गेला. दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले.

"बाहीला लाल काय माखलंय रे?"

"आतला रंग असेल, आई."

"आत तर नुसते दिवे आहेत ना?"

दादाने बाही चोळली; बोटाला लाल खडू लागला. आईचा हात धरून तो दारात उभा आहे, बाहीकडे बघत. आत बहीण हाका मारते आहे, "आईला आण ना लवकर!"

मित्रांनो, मला सजवा, माझे कौतुक करा. पण आधी मला पांढऱ्या उजेडात बघा.

दादा, बटण तुझ्या उजव्या हाताला आहे.

मी धरून आहे.