फेस गेला, शिसे राहिले

संत्र्याच्या रसाच्या दुकानासमोर रांग लागली होती. ओट्यावर बसलेले बाबा प्रत्येकाच्या ग्लासात चिमूटभर पांढरी भुकटी टाकत, डोळे मिटून पुटपुटत, आणि रस फसफसून काठावरून ओसंडे.

"बघा, विष कसं चवताळून पळतंय! आता बिनघोर प्या!"

लोक माना डोलवत. रसवाला तर सगळ्यांत जास्त. सरकारी प्रयोगशाळेने त्याच्या रसात शिसे सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा दुकान ओस पडले होते. बंदीचा हुकूम निघायच्या आत हे बाबा प्रकटले.

रांगेत माझा मुलगा होता. कडेवर माझी नात, ठकी. पोरीचे पोट सारखे दुखायचे, चेहऱ्यावरची रया गेली होती. डॉक्टरांनी तिच्या रक्तात शिसे असल्याचे सांगून हा रस बंद करायला लावला होता. पण रसावाचून ती रडून आकांत करी, आणि बापाला ते बघवत नसे.

"अरे, डॉक्टर काय म्हणाले?" मी त्याला अडवले.

"तात्या, ते साध्या रसाबद्दल. यातलं विष बाबा काढतात ना!"

तेवढ्यात माझी लेक आली. ती त्याच प्रयोगशाळेत रस तपासते. तिने एक ग्लास बाबांपुढे धरला.

"हा रस मी घरी पिळलाय. तपासलाय. शिसं अजिबात नाही. यातलं विष काढा."

"देवाची परीक्षा बघतेस, मुली?"

"देवाची कशाला? भुकटीची."

"टाका की बाबा, लाजता काय!" मागून कोणीतरी ओरडले.

बाबांनी भुकटी टाकली. ग्लास तसाच फसफसला.

"नव्हतंच, तर पळालं काय?" लेकीने विचारले. मग पिशवीतून पुडी काढून तिने दुसऱ्या ग्लासात चिमूट टाकली. तोच फेस! "हा खायचा सोडा. आंबट रसात पडला की वायू सुटतो, बस्स. बाबांनी 'शुद्ध' केलेला रस मी काल तपासला, भुकटीआधीचाही तपासला. शिसं दोन्हींत तेवढंच. इथल्या टाकीचे सांधे शिशाने जोडलेत. आंबट रस ते विरघळवून घेतो."

"फेस निदान दिसतो तरी," एक म्हातारी कुरकुरली. "तुझं शिसं कुठे दिसतं?"

"नाही दिसत, मावशी. म्हणून तर मोजावं लागतं."

बाबा पुडकी आवरू लागले. मुलगा मात्र जागचा हलला नाही. "ताई, मी तिला रोज..." त्याने ग्लास गटारात ओतला, आणि ठकीने त्याच्या खांद्यावर डोके आपटून टाहो फोडला.

तिचे रक्त पुन्हा तपासायला दिले आहे. रस आता बंद आहे, पण झालेले सगळे नुकसान भरून येईलच, असे डॉक्टर सांगत नाहीत.

विष काढून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा: आधी किती होते, नंतर किती उरले, आणि मोजले कोणी? उत्तर मिळेपर्यंत लेकराच्या तोंडाला ग्लास लावू नका.