मऊ पडलेली जागा

मित्रांनो, कपडे वाळत घालायच्या दोरीशी माझी गल्लत करू नका. मी एक जुना दोर आहे, कडे चढायचा. खिळ्याला टांगलेला माझा हातभर तुकडा पाहून तुम्ही नाक मुरडाल, पण एके काळी डोंगर बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा जीव माझ्यावर टांगलेला असे.

माझा जन्म कारखान्यातला. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा, वर निळी-नारिंगी वीण. थोडं ताणायचं, झटका पोटात घ्यायचा आणि माणसाला अलगद धरायचं, एवढंच मला येतं. उस्तादांनी मला विकत आणलं तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. उस्ताद म्हणजे पाहुण्यांना कडे चढवणारे वाटाडे. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागे.

त्यांची एक शिस्त होती. रोज सकाळी, चहाच्याही आधी, ते उंबऱ्यात बसून डोळे मिटत आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत उघड्या हातांतून सरकवत. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. दोर डोळ्यांनी बघायचा नसतो, हातांनी ऐकायचा असतो, असं ते लेकीला सांगत. ती तेव्हा लहान होती. पहिल्याच चढाईत तिचा पाय निसटला आणि मी तिला धरलं. त्या दिवसापासून मी घरातलाच झालो.

काय दिवस होते ते! पायथ्याशी बढाया मारणारे गृहस्थ अर्ध्या कड्यावर आईला हाका मारत. एक आजीबाई तर वर पोचल्या आणि खाली यायलाच तयार होईनात. कुणी चुकून माझ्यावर पाय दिला की उस्तादांचा पारा चढे. मी मनातल्या मनात सुखावत असे.

मग एकदा एक धिप्पाड पाहुणा घसरला आणि खडकाच्या धारदार कडेवर मला जबर हिसका बसला. त्याचं नुसतं घाबरण्यावर निभावलं. माझ्या आत मात्र काहीतरी तुटलं. वरून ओरखडाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी मला हातांतून सरकवलं. आता थांबतील, आता थांबतील, म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांची बोटं त्या जागेवरून सरळ पुढे गेली. त्या दिवशी पाहुण्यांची एक चिमुरडी चढणार होती. मित्रांनो, दोराला तोंड नसतं, याचं इतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

लेक आता वडिलांच्या जोडीने काम करत होती. अंगणात मला गुंडाळताना तिचा हात थबकला. धड दोर दुमडला की गोल वळतो; तिने ती जागा दुमडली, तर मी तिथे चपटा झालो. पाहुण्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून वडिलांना आत बोलावून तिने त्यांचं बोट माझ्यावर ठेवलं.

"बाबा, इथे."

उस्तादांनी चाचपलं. पुन्हा चाचपलं. "काही नाहीये गं."

"आहे, बाबा. मऊ पडलाय."

वर्षानुवर्षं खडक आणि दोर हाताळून त्यांच्या बोटांचं पार लाकूड झालं होतं. त्यांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

"मला कळतच नाहीये," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनीच सुरी मागितली. यानेच तुला धरलं होतं, एवढं पुटपुटले आणि त्यांनी मला कापलं; मऊ जागेचा हातभर तुकडा तेवढा ठेवला. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण बाहेर ती चिमुरडी घरातल्या दुसऱ्या, नव्या दोरावर हसत चढत होती, ते ऐकून जीव भांड्यात पडला.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला उन्हात टाकू नका, पायदळी तुडवू नका. आणि आमचे दिवस भरले की प्रेमापोटी कामाला जुंपू नका. कामातून थांबवलेल्यालाही घरात जागा असू द्या, म्हणजे झालं.

आता सकाळी उंबऱ्यात लेक बसते आणि डोळे मिटते. घर गप्प असतं. शेजारी उस्ताद मला खिळ्यावरून काढून मांडीवर घेतात आणि माझी मऊ जागा शोधत राहतात. बोटं तिच्यावरूनच पुढे निघून जातात. लेकीचा दोर तपासून झाला की ती त्यांचं बोट धरून नेमकं त्या जागेवर ठेवते. मग दोघं चहा घेतात.