काठी आली, माणूस आला

तुमच्या बोलण्यात मी पुष्कळदा येते. आंधळ्याची काठी मी, म्हातारपणाची काठी मी, साप साप म्हणून भुई धोपटायची तीही माझ्याच टोकाने. पण माझं म्हणणं काय आहे, हे आजवर कुणी विचारलं नाही. आज थोडं ऐकून घ्या. मी काठी बोलतेय. जे सांगायचं होतं ते वेळेवर सांगता आलं नाही, हेच माझं दुःख.

माझा जन्म वर्षावनातला. पाऊस थांबला तरी तिथली झाडं कितीतरी वेळ ठिबकत राहतात. त्या वनाचं पुढे उद्यान झालं. पायवाटा आखल्या, फाटक बसलं, तिकिटं आली. एका वादळात माझी आई, म्हणजे ज्या झाडाची मी फांदी ते झाड, पायवाटेवर आडवं झालं. उद्यानाच्या सुताराने तिच्या फांद्यांच्या काठ्या केल्या. सुतार चांगलाच पोट सुटलेला होता. काठी तासून झाली की तिच्यावर सगळा भार टाकून उभा राहायचा आणि म्हणायचा, "मला पेललंस ना? मग हत्तीलाही पेलशील." मी पेललं आणि पास झाले.

फाटकाशी एक लांब फळी होती. फळीला गोल भोकं होती आणि प्रत्येक भोक एकेका काठीचं. आत जाणाऱ्याने काठी घ्यायची, बाहेर येणाऱ्याने आपल्या भोकात परत ठेवायची. वाट निसरडी असायची, म्हणून ही सोय. पण फाटकावरच्या भाऊंनी तिचा आणखी एक उपयोग शोधून काढला होता. संध्याकाळी ते आधी अंगणात एखादी गाडी उरलीय का बघायचे, मग फळीकडे नजर टाकायचे. एकही भोक रिकामं नाही, म्हणजे आत कुणी नाही. मग लगेच कुलूप.

"काठी आली, माणूस आला," असं ते म्हणायचे. हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं की जांभई देतानासुद्धा तेच बाहेर पडायचं. भाऊ मनाने वाईट नव्हते, एवढं आधीच सांगून ठेवते.

माणसांची मला मोठी मौज वाटायची. पक्षी बघायला यायचे आणि तोंडाचा पट्टा फाटकापासूनच सुरू करायचे. मग परतताना तक्रार, "छे, एकही प्राणी दिसला नाही!" प्राण्यांनी मात्र त्यांना लांबूनच डोळे भरून बघून घेतलेलं असायचं. पायाला एक जळू लागली की भले भले थयथयाट करायचे. तरण्याताठ्यांना तर मला हातात घ्यायचीच लाज. "आम्ही काय म्हातारे झालोय?" असं म्हणून ते तसेच आत शिरायचे. भाऊ दोनदा सांगायचे आणि सोडून द्यायचे.

मास्तर आले तेव्हा मी अशीच भोकात उभी होते. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. उभा जन्म सुईत दोरा ओवण्यात गेला आणि डोळे थकले. डॉक्टरांनी सांगितलं, लांबचं हिरवं बघत जा. मास्तरांनी ते औषधासारखं मनावर घेतलं आणि दर सोमवारी दुपारी चालत उद्यानात येऊ लागले. गळ्यात टेप असायचीच. दुकान बंद करून वर्षं झाली होती, तरी टेप काही गळ्यातून निघाली नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला उचललं, माझ्या डोक्यापासून पायापर्यंत टेप लावली आणि भाऊंना म्हणाले, "ही माझ्या मापाची आहे. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी कपडा शिवून आणला. मुठीपाशी हात घसरू नये म्हणून निळ्या कापडाची पट्टी, एका टोकाने मला पक्की बांधलेली, वर काज आणि बटण. लग्नानंतर बायकोला त्यांनी जो पहिला कपडा शिवला होता, त्यातली ती उरलेली चिंधी. मला परत ठेवताना ते पट्टी नीट गुंडाळायचे आणि बटण लावायचे. कधी विसरले नाहीत. त्यांच्या धंद्यात बटण उघडं ठेवून कपडा परत करणं म्हणजे अब्रूचाच प्रश्न.

मास्तरांची बायको कंबरेतून अधू होऊन खाटेला खिळली होती. मूलबाळ नाही. मास्तर जे बघायचे ते घरी जाऊन तिला सांगायचे. काय सांगायचं याची उजळणी परतीच्या वाटेवर चालायची आणि ती ऐकायला मी एकटीच असायचे. "आज माकडाच्या पिलाने आईचे कान ओढले, हे आधी सांगायचं. साप दिसला ते नको, उगाच घाबरेल."

मग धनेश पक्ष्यांची जोडी सापडली. आतल्या पायवाटेवर, घळीच्या काठाला एक जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत मादी जाऊन बसली आणि तोंडाशी चिखल थापून तिने स्वतःला आतच कोंडून घेतलं. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवली. नर दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून तिला भरवायचा. पिलू मोठं होईपर्यंत तिचं सगळं त्याच्यावर अवलंबून.

"आणि त्याला काही झालं तर?" मास्तरांनी फाटकावर विचारलं.

"मग तिचं कठीण," भाऊ म्हणाले.

मास्तर हसले. "आमचीही एक आत बसलीय, भाऊ. मलाही वेळेवर घरी जायला हवं."

घरी त्यांनी ही गोष्ट सांगितली असणार, कारण पुढच्या सोमवारी चालता चालता मला म्हणाले, "ऐकलंस का? ही म्हणतेय, ती चिखल फोडून बाहेर आली ना, की मीही उठून खिडकीपर्यंत येऊन दाखवीन. पैजच लावलीय माझ्याशी." एवढं बोलून त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की बटण माझ्या अंगात रुतलं. त्या दिवसापासून आम्ही दुसरं काही बघायला गेलोच नाही. त्या झाडाखाली उभं राहायचं आणि वर बघायचं. फट अजून तेवढीच. "पुढच्या सोमवारी," असं म्हणून परत फिरायचं.

त्या सोमवारी पाऊस झोडपून काढत होता. आम्ही झाडाच्या वाटेला लागलो, तर वळणावर एक मुलगी मुळावर बसून रडत होती. लाल बूट, पाय मुरगळलेला, कोटाची बाही फाटलेली. बरोबरचे पुढे निघून गेले होते. तिने फाटकावर काठी घेतली नव्हती.

मास्तरांनी तिचा पाय चाचपला. "मोडला नाही. ऊठ, ही काठी घे."

"आणि तुम्ही, आजोबा?"

"मी इथलाच. जरा वर धनेशाच्या झाडापर्यंत जाऊन मागून येतोच. ही फाटकाशी ठेव आणि भाऊंना सांग, मास्तरांची आहे, मास्तर मागून येतायत. आणि ती बाही घेऊन घरी ये. डोळे गेले असले तरी हात अजून शाबूत आहेत."

त्यांनी बटण काढून पट्टी तिच्या मनगटाभोवती गुंडाळली. मग एका हाताने झाडांचा आधार घेत घेत ते वर गेले. मी वळून बघू शकत नाही. त्यांची पावलं पावसात मिसळून जाईपर्यंत ऐकत राहिले, तेवढंच.

फाटकाशी तिच्या सोबत्यांची गाडी हॉर्नवर हॉर्न मारत होती. भाऊ दुसऱ्या एका पाहुण्याशी हुज्जत घालत होते, त्याने खाऊची रिकामी पाकिटं आतच टाकली होती. मुलीने मला माझ्या भोकात ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, "काका, काठी ठेवली हं!"

"ठेवा, ठेवा," भाऊ मान न वळवताच म्हणाले.

पुढचं अर्धं वाक्य हॉर्नमध्ये गेलं. नाही, खोटं कशाला बोलू, ते तिच्या तोंडून निघालंच नाही. ती लंगडत धावली आणि गाडी गेली.

संध्याकाळी भाऊंनी अंगणात पाहिलं, फळीकडे पाहिलं. एकही भोक रिकामं नव्हतं. मी माझ्या जागी ताठ उभी होते आणि माझं बटण उघडं होतं. माझा सगळा जीव त्या बटणात गोळा झाला. भाऊ, एकदा इकडे बघा. मास्तर कधी मला असं उघडं ठेवतात का? भाऊंनी जांभई दिली. "काठी आली, माणूस आला." आणि कुलूप पडलं.

सकाळी मास्तरांची शेजारीण धावत आली. "मास्तर घरी आलेच नाहीत हो! वहिनी रात्रभर दाराकडे डोळे लावून आहेत."

भाऊंचा चेहरा पडला, पण फळीकडे पाहून ते सावरले. "इथून ते गेलेत, बाई. काठी परत आलीय त्यांची. वाटेत कुठे चक्कर आली असेल, गावात शोधा."

पोलीस आले. त्यांच्याबरोबरचा वनरक्षक म्हणाला, "एकदा आत फिरून येऊ का?"

भाऊंनी मला उपसून त्याच्या नाकासमोर धरलं. "अहो, ही बघा काठी! ती काय पाय फुटून आली? आत वेळ घालवू नका. म्हातारा माणूस आहे, बाहेर कुठे पडला असेल तर एकेक घटका मोलाची आहे."

हे ते मास्तरांच्या काळजीने बोलत होते, म्हणून तर मला जास्त लागलं. सगळे गावाकडे वळले. दवाखाने, बसथांबे, नदीचा काठ, बाजारातले बाक. भाऊ स्वतः रजा टाकून शोधायला गेले. भुई धोपटणं चाललं होतं, साप मात्र भलतीकडेच. मी फळीत उभी. रातकिडे किर्र ओरडत होते आणि त्यांच्या आवाजात मला सारखी हाक ऐकू आल्यासारखी वाटायची. खरंच होती की भास, कोण जाणे.

त्याच्या पुढच्या सकाळी ती मुलगी आली. पायाला पट्टी, हातात तो फाटका कोट. फाटकाशी येऊन हसत म्हणाली, "काका, ते मास्तर कुठे राहतात? बाही शिवून देतो म्हणाले होते."

भाऊंचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "तुला कुठे भेटले ते?"

"आत. त्यांनीच तर मला ती काठी दिली. मी ठेवली नव्हती का इथे? तुम्हाला सांगूनच ठेवली."

भाऊ माझ्याकडे वळले. माझ्या उघड्या बटणाकडे त्यांनी आता पाहिलं. मग ते फळी धरून खालीच बसले.

मास्तर त्या झाडाखालच्या घळीत सापडले. पाय मोडला होता. तो त्यांनी गळ्यातल्या टेपने एका फांदीला घट्ट, नीट गाठ मारून बांधला होता. डॉक्टर म्हणाले, पडले तेव्हा गेले नाहीत, पुढचा सगळा दिवस ते होते. म्हणजे सगळे गावात शोधत होते तेव्हा ते तिथे होते आणि हाका मारत होते. हे ऐकून भाऊंनी डोकं भिंतीवर आपटून घेतलं. मुलगी कोट तोंडात कोंबून रडली. मला रडताही येत नाही.

भाऊंनी मला फळीतून काढलं आणि वहिनींच्या घरी आणलं. आता मी त्यांच्या खाटेच्या उशाशी उभी असते. खोली लहान आहे. कोपऱ्यात शिलाई मशीन, तिच्यावर चादर झाकलेली. खिडकी खाटेपासून चार पावलांवर. शेजारीण दोन वेळा येऊन घास भरवते, तो वहिनी कसाबसा गिळतात.

पहिल्या दिवशी त्यांनी माझी पट्टी चाचपली. कापड ओळखलं. बटण उघडं आहे हे बोटांना कळलं, तेव्हा ते त्यांनी हळूहळू काजात घातलं. फार वेळ लागला. मग भाऊंना विचारलं, "ती बाहेर आली का हो, भाऊ? धनेशाची मादी?"

भाऊंची मान खाली. "कुणी वर पाहिलंच नाही, वहिनी. सगळे खाली घळीत बघत होते. आता ती वाट फळ्या ठोकून बंद केलीय."

भाऊ अधूनमधून येतात. फाटकाच्या फळीत माझं भोक रिकामंच आहे, म्हणून त्यांना कुलूप लावायचा धीर होत नाही. आधी आत जाऊन हाका मारतात, मगच लावतात. उशिरा सुचलेलं शहाणपण ते, कुणाच्या कामाचं? पण तुम्ही कधी जंगलात गेलात, तर एवढं करा. बाहेर येताना काठ्यांवर विसंबू नका. माणसाचं तोंड बघा, त्याला हाक मारा, त्याने ओ दिली की मगच फाटक लावा.

वहिनी आता भाऊंना काही विचारत नाहीत. मलाच विचारतात. शेजारीण गेली की माझ्या मुठीवर हात ठेवतात आणि खिडकीकडे बघत म्हणतात, "तू तर दर सोमवारची त्यांच्याबरोबरची. तूच सांग गं, आली का ती बाहेर?"

माझं बोलणं त्यांना ऐकू येत नाही. आलं असतं तरी काय सांगितलं असतं? त्या दिवशी झाडापर्यंत मी गेलेच नव्हते.