त्रिंबकचं सुतक

मी मेलो, ही बातमी मला गुलमंडीवर कळली.

घोंगड्या विकून झाल्या होत्या आन् मी कापडाच्या दुकानात पटका बघत होतो. शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यातला एक जण उभा होता. माझ्या खांद्यावरची घोंगडी बघून म्हणाला, "बाबा, खुलताबादकडचे का तुम्ही?"

"व्हय."

"मग सांगा, तुमच्यात दुखवट्याला टॉवेल-टोपी चालते का धोतर लागतं? आमच्या खासदारसाहेबांचे चुलते वारले. मुंजाबा म्हणून होते. ओळखीचे होते का?"

मी पटका खाली ठेवला. खासदार म्हंजे त्रिंबक, माझ्या थोरल्या भावाचा पोरगा. त्याला चुलता एकच, आन् तो मी.

"ओळखीचे म्हंजे? एका ताटात जेवायचो," मी म्हणालो. "कवा वारले?"

"काल पहाटे. देवमाणूस होते म्हणे."

"ते काय खोटं नाय. धोतरजोडीच घ्या, चांगल्यातली. हलक्या कापडानं मुंजाबाचा आत्मा शांत नाय व्हायचा."

त्याचं नाव बद्रीनाथ. त्रिंबकच्या पक्षाचा जिल्हाध्यक्ष. त्यानं मुकाट भारी धोतरजोडी बांधून घेतली.

मला का मारलं, ते मला तिथंच उमगलं. दिल्लीत गायरानं कंपन्यांना द्यायचा कायदा येणार होता. मागच्या हप्त्यात मी त्रिंबककडं गेलो होतो. म्हणालो, "लेकरा, त्या गायरानात आपली मेंढरं चरली, त्यावर तू शिकलास. कायदा व्हायचा तो होईल, सरकारकडं माणसं लई. पण आपल्या माणसाच्या हातानं नको."

तर म्हणतो, "तात्या, पक्षाचा व्हीप हाये. विरोधात गेलो तर खासदारकी जाती."

ह्याचं आजवर असंच. पक्ष हो म्हणाला की हो, नाय म्हणाला की नाय. सकाळी हो आन् संध्याकाळी नाय म्हणाला, तरी ह्याचं बोट बटनावर तयार. पेपरात छापून येतं, 'एकनिष्ठ खासदार'. आमच्यात असल्याला मेंढरू म्हणतात.

आता गड्यानं वाट काढली होती. घरात सुतक असल्यावर माणूस दिल्लीला कसा जाईल? हो म्हणायला नको, नाय म्हणायला नको. पक्ष बी खूश, गाव बी खूश. मुंजाबाचा तेवढा मुडदा. बरं, मारायचं तर मारावं, पण चुलता बाजाराला गुलमंडीवर येतो, हे तरी ध्यानात ठेवावं का नाय?

"मला बी न्या साहेब," मी बद्रीनाथला म्हणालो. "मुंजाबाला शेवटचं भेटायचं राहिलं."

शहरातल्या छावणी भागात त्रिंबकचा बंगला आहे. गाडीत बद्रीनाथ हळहळत होता. "मरताना खासदारसाहेबांचा हात हातात घेतला म्हणे त्यांनी. म्हणाले, बाळा, काही झालं तरी पक्ष सोडू नको."

माझं टाळकंच फिरलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी काय वाट्टेल ते घालायचं का?

बंगल्यात माणसं दाटीनं बसली होती. त्रिंबक चटईवर, दाढी वाढवून, मान खाली घालून. मी पुढं झालो, बद्रीनाथच्या हातातली धोतरजोडी घेतली आन् त्याच्या मांडीवर ठेवली.

"घे. माझ्या दुखवट्याचं."

त्यानं वर बघितलं. तोंड पांढरंफटक. "तात्या..."

"हे कोण?" बद्रीनाथनं विचारलं.

"मीच तो देवमाणूस," मी म्हणालो.

कोणीतरी फिस्सकन हसलं आन् गप झालं. मला मात्र हसू येईना. "मारलंस त्याचं काय नाय रे. पिकलं पान, आज ना उद्या गळायचंच. पण एक 'नाय' म्हणायचं टाळायला तुला चुलत्याचा मुडदा लागतो? बाप गेला तवा खांद्यावर बसवून तुला त्या माळावर हिंडवलं मी." रडू आलं मला, खोटं कशाला सांगू. "आता सुतक फिटलं तुझं. जा दिल्लीला. पण हो म्हणालास, तर तुझ्या नावानं आंघोळ करीन. माझ्या लेखी तू मेलास."

त्रिंबक धोतरजोडीची घडी चाचपत राहिला. बद्रीनाथच बोलला, "साहेब, सुतक नसेल तर संध्याकाळचं विमान मिळतंय."

दिल्लीत कायद्यावर मतदान होतं, त्या दिवशी राजाबाईनं, माझ्या बायकोनं, अंगणातल्या चुलीवर हंडा चढवला. तिला वाटत होतं मी नुसता बोलतोय. मी टॉवेल खांद्यावर टाकून टीव्हीपुढं बसलो. अर्धं गाव बसलं होतं. दुपार कलली आन् कायदा मंजूर झाला. आमचं गायरान गेलं. माणसं एकेक करून उठून गेली. कोणी कोणाकडं बघेना.

"पाणी उकळाय लागलं," राजाबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "खरंच करता का आंघोळ? लेकरू हाये ते आपलं."

"थांब जरा," मी म्हणालो. माझं बी पाऊल उचलंना.

तेवढ्यात फोन वाजला.

"तात्या, आंघोळ केली का?"

"नाय अजून."

"नका करू. लाल बटन दाबलं मी. नाय म्हणालो."

"भ्यालास का?"

"लई भ्यालो."

"आन् खासदारकी?"

"जाणार आता. फोन लावतोय, कोणी उचलत नाय. एवढी वर्षं ज्यांचं ऐकलं, ते बघून तोंड फिरवतात." मग म्हणाला, "पक्षानं माझ्या नावानं आंघोळ केली, तात्या."

मी हंड्याकडं बघितलं. वाफा निघत होत्या. राजाबाई पदरानं डोळे पुसत चुलीतलं लाकूड मागं ओढत होती.

"राहू दे गं जाळ," मी तिला म्हणालो, आन् मग फोनात म्हणालो, "घरी ये लेकरा. तुझ्यासाठी पाणी तापवून ठेवतो."